पूजेत मांडलेला डायल

माझ्या साडूनं मला फसवलं. पैशात नाही, पैशात मला फसवणारा अजून जन्माला यायचाय. त्यानं मला देवाच्या पाटावर फसवलं, खंडेनवमीच्या दिवशी, हळदकुंकू वाहून. आणि दुसऱ्या दिवशी माझ्या थोरल्या भावाला माझ्या गाडीत बसायचं होतं, त्याला स्वतःच्या गाडीत बसवून वेशीबाहेर नेलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं माझा आवाज चढला तर कोणी विचारू नये की एवढं चिडायला झालं काय.

छावणीच्या बाजारामागं माझं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. सुरुवात फुटपाथवर गोणपाट टाकून केली होती. जुने नटबोल्ट रॉकेलमध्ये धुऊन, चमकवून विकायचो. आज मागं गोदाम आहे, पुढं काचेचं काउंटर आहे, आणि भाव पाडण्याच्या बाबतीत बाजारात माझी दहशत आहे. समोरच्यानं किंमत सांगितली की मी आधी हसतो, मग उठतो, मग दारापर्यंत जातो. दारातून परत कधी वळायचं, ते मला कळतं. तेवढ्या एका गोष्टीवर मी घर बांधलं.

पण दुकानाच्या उद्घाटनाला दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, गावाहून आला होता. फुलंब्रीच्या पुढं आमचं गाव. शेती तोच करतो. गावातल्या लोकांच्या घोळक्यात पेढा तोंडात टाकत तो म्हणाला, "दुकान झकास हाये. पर तू इकणारा गडी हायेस, बारक्या. बनवणारा नाय. दुसऱ्यानं केलेलं इकायचं, त्यात काय?"

लोक हसले. मीही हसलो. दादा विहिरीच्या मोटरीपासून कोळप्यापर्यंत सगळं स्वतःच्या हातानं जोडतो, त्यामुळं तो हे बोलू शकत होता. मी ते वाक्य गिळलं. ते पुढं कितीतरी वर्षं पोटात तसंच राहिलं.

मग एक दिवस हडको कॉलनीतलं एक हौशी गिऱ्हाईक दुकानात आलं. त्यानं दक्षिणेतल्या कुठल्याशा कारखान्यातून घरी जोडायची मोटार मागवली होती. नळ्यांचा सांगाडा, फायबरची बॉडी, स्टिअरिंग, मागचा अ‍ॅक्सल, सगळं लाकडी पेट्यांत. इंजिन आणि गिअरबॉक्स आपण आपले घालायचे. दोन माणसांची, उघडी, बसकी गाडी. त्याच्या बायकोनं पेट्या अंगणातच अडवल्या होत्या. घरात गाडी येईल नाहीतर मी राहीन, असा सामना होता. मी ओळखलं, हा माणूस अडलेला आहे. आधी हसलो, मग उठलो. पेट्या त्याच आठवड्यात माझ्या गोदामात आल्या.

दिवाळीला गावी गेलो तेव्हा दादाला सांगितलं, मी मोटार बनवतोय.

"कशी? दुकानातून आणून?"

"हातानं. एकेक नट मी लावणार."

दादानं मळलेल्या तंबाखूची चिमूट दाढेत ठेवली. मग म्हणाला, "येत्या दसऱ्याला सोताच्या चाकावर वेशीपातूर आण. सीमोल्लंघनाला मी पयला बसंन. शब्द."

दादा शब्द उगाच देत नाही. त्या दिवसापासून त्या गाडीची दुसरी सीट दादाची झाली. माझ्या बायकोलाही मी त्यात बसू दिलं नाही.

इंजिन एका भंगारात निघालेल्या व्हॅनचं घेतलं, गिअरबॉक्स जुन्या जीपचा. दोन्ही माझ्याच गोदामात पडून होते. नळ्यांचा सांगाडा शहाबादी फरशीवर ठोकळ्यांवर ठेवला आणि चारी कोपऱ्यांतून ओळंबे सोडले. ओळंब्याचं टोक फरशीला जिथं टेकेल तिथं खडूची खूण. खुणांवरून दोऱ्या ताणल्या आणि मधोमध एक रेघ मारली. त्या रेघेवर आधी मागचा अ‍ॅक्सल, मग इंजिन. इंजिन साखळीनं उचलायचं, सांगाड्यात उतरवायचं, बघायचं, की परत वर. केसभर डावीकडं असलं तर इंजिन ज्यावर बसतं त्या फाउंडेशनच्या रबराखाली पत्र्याचं पॅकिंग घालायचं. मग उंची चुकायची. उंची जमली की कल चुकायचा.

इंजिनाकडून मागच्या चाकांकडं जाणारा लांब शाफ्ट असतो. त्याला दोन्ही टोकांना सांधे असतात. पुढच्या सांध्यात जेवढा बाक, तेवढाच मागच्या सांध्यात लागतो, आणि उलट्या बाजूला. एक जास्त आणि एक कमी झाला की शाफ्ट गोल फिरत नाही, उचक्या देत फिरतो, आणि त्या उचक्या बसणाऱ्याच्या पाठीत जातात. ते मी कोणाला न विचारता जमवलं. दुकानात गिऱ्हाईक ताटकळत असायचं आणि मी मागं फरशीवर आडवा, एक डोळा मिटून शाफ्टकडं बघत असायचो. गिऱ्हाईकाला वाटायचं शेठला चक्कर आली. आयुष्यात पहिल्यांदा मी एखाद्या गोष्टीची किंमत न काढता तिच्याकडं बघत होतो.

अडलं एकाच ठिकाणी. व्हॅनचं इंजिन आणि जीपचा गिअरबॉक्स एकमेकांना बसत नाहीत. मध्ये जाड लोखंडी प्लेट लागते, एका बाजूला इंजिनाची भोकं, दुसऱ्या बाजूला गिअरबॉक्सची. खरं काम बोल्टांचं नसतं. बोल्ट फक्त आवळून धरतात. प्लेट नेमकी जागेवर बसवतात त्या डॉवेल, म्हणजे दोन जाड पोलादी खुंट्या, भोकात घट्ट ठोकलेल्या. त्या बरोबर असल्या तरच इंजिनाचा दांडा आणि गिअरबॉक्सचा दांडा एका रेषेत येतात. नाहीतर दोघं एकमेकांना रोज थोडं थोडं मारत राहतात.

ही प्लेट माझ्याकडं होणार नव्हती. लोखंड कातायचा लेथ लागतो. आणि लेथ साडूकडं होता.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. शेंद्र्याजवळ त्याचं छोटं वर्कशॉप आहे. कंपन्यांची फुटकळ कामं करतो. बोलायला गोड. आमच्या गावच्या मळणी यंत्रांची कामंही तोच करतो, दादानं मिळवून दिलेली. गावात त्याला 'इंजिनेर पाव्हणं' म्हणतात.

मी त्याच्याशी भाव केला. करणारच. तो म्हणाला, "पाव्हणं, नात्यात बी?" मी म्हणालो, "नात्यातच आधी. भायेरचा तोंडावर नाय तरी म्हणतो." तो हसला, आणि हो म्हणाला. तोंडानं हो म्हणाला. हे लक्षात ठेवा, कारण पुढं त्यानं याचाच आधार घेतला.

प्लेट आज देतो, उद्या देतो करत नवरात्र लागलं. माझ्याकडं डायल होता. घड्याळासारखं ते मोजायचं हत्यार. इंजिनाच्या मागच्या फिरत्या चाकावर त्याला घट्ट बसवायचं, त्याचं बोट प्लेटच्या मधल्या मोठ्या गोल भोकाच्या आतल्या कडेला टेकवायचं आणि इंजिन हातानं फिरवायचं. सुई जागच्या जागी थरथरली तर रेष जमली. सुई चालायला लागली तर प्लेट चुकली. गिअरबॉक्स जोडण्याआधी मी स्वतः डायल लावून बघणार, हे साडूला मी चारचौघांत सांगितलं होतं.

खंडेनवमीच्या सकाळी तो प्लेट घेऊन गोदामात आला. मी त्या वेळी शहागंजात झेंडू घ्यायला गेलो होतो. दुकानाला, गोदामाला, गाडीला हार लागणार होते. फुलवाल्यानं दसऱ्याचा भाव लावला. मी हसलो, उठलो, पुढच्याकडं गेलो, परत आलो. झेंडू मला मनासारख्या भावात मिळाला. मी मोठ्या तोऱ्यात टोपली घेऊन गोदामात शिरलो आणि बघतो तर गिअरबॉक्स जोडून, बोल्ट आवळून तयार. आणि भिंतीजवळ पाट मांडलेला. पाटावर लाल कापड, पाने, हातोडे, कानशी, करवत, आणि सगळ्यांच्या मधोमध माझा डायल. त्याच्या काचेवर कुंकवाचं बोट.

"हे काय?"

"पूजा मांडली की. मुहूर्त निघून चालला व्हता. ताई म्हणल्या, मांडा." ताई म्हणजे माझी बायको.

"आन् डायल?"

"लावून बघितला. सुई हलली नाय, पाव्हणं. देवाशपथ."

"मी बघितला नाय."

"आता उचलता का पूजेतलं?"

आमच्यात एकदा खंडेनवमीची पूजा मांडली की दसऱ्याचं सीमोल्लंघन होईपर्यंत हत्यार हलवत नाहीत. ज्या हत्यारांवर पोट चालतं, त्यांना वर्षातून एवढीच विश्रांती. फुटपाथवर गोणपाट होतं तेव्हाही मी गंजका पाना धुऊन त्याला कुंकू लावायचो आणि दसऱ्यापर्यंत गिऱ्हाईक परत पाठवायचो. साडूला हे ठाऊक होतं. म्हणूनच डायल मधोमध होता. एखादा पाना बाजूला राहिला असता तर मी बोल्ट ढिले केले असते. एकही राहिला नव्हता.

माझा हात पुढं गेला. बायको म्हणाली, "अहो! कुंकू लावलंय त्याला."

मी हात मागं घेतला.

इंजिन चालू केलं, कारण किल्ली काही हत्यार नव्हे. आवाज लागला. खाली मात्र कुठंतरी बारीक करकर होती. मी साडूकडं बघितलं. तो म्हणाला, "नवी चप्पल करकरत नाय व्हय? चालू द्या, बसंल."

दसऱ्याच्या दुपारी निघालो. मी एकटा गाडीत, शेजारची सीट रिकामी, तिच्यावर एक हार. मागून साडू त्याच्या पांढऱ्या गाडीत, त्यात त्याची बायको आणि माझी बायको. कागदपत्रांचं काय, असं कोणी विचारेल. त्या दिवशी त्या रस्त्यावर ट्रॅक्टरपासून टेम्पोपर्यंत सगळं हार घालून फिरतं. कोणी अडवलं नाही. हर्सूलला पोरं ओरडत मागं पळाली. एका पेट्रोल पंपावर लोकांनी फोटो काढले. एकानं विचारलं, "कोणत्या कंपनीची, शेठ?" मी म्हणालो, "माझी." हा शब्द उच्चारायला मला अर्धं आयुष्य लागलं.

सावंगी सोडल्यावर वेग घेतला आणि गिअरचा दांडा हातात थरथरायला लागला. वेग कमी केला की थांबायचा. क्लच दाबला की पायाखाली घरघर. मला कळत होतं. सुटे भाग विकणाऱ्याला आवाज कळतो. रोज लोक दुकानात येऊन तोंडानं आवाज काढून दाखवतात. पण दादा वेशीत उभा असणार होता. गाडी परत वळवली तर मी पुन्हा विकणाराच.

चौक्याच्या घाटात चढाला कट्ट असा आवाज झाला. इंजिन किंचाळलं आणि गाडी जागच्या जागी थांबली, मग मागं सरकायला लागली. मी उतरून चाकाखाली दगड घातला. जळक्या क्लचचा वास येत होता. हारातले झेंडू बॉनेटवर घरंगळले होते. गाडीत एक पाना नव्हता. सगळे पाने पाटावर, कुंकू लावून, विश्रांती घेत होते.

पांढरी गाडी मागून येऊन थांबली. साडू खाली उतरला, वाकून बघितल्यासारखं केलं.

"तुमी इथंच थांबा पाव्हणं. मी गावातून ट्रॅक्टर पाठवतो. दादा वाट बघत असतील, त्यांना निरोप देतो."

बायको म्हणाली, "मी थांबते तुमच्याबरोबर."

मी रागात होतो. म्हणालो, "जा तू. सण कर."

ती गेली. माझ्या बाजूनं हारवाल्या गाड्या वर चढत राहिल्या. बरेच जण हात करून दसऱ्याच्या शुभेच्छा देत होते. मीही हात करत होतो. दुसरं काय करणार?

ट्रॅक्टर आला तेव्हा ऊन गेलं होतं. दोरानं ओढत, धक्के खात मी वेशीत पोचलो, तर लोक शमीची पूजा करून, पानं वाटून परत फिरले होते. दादा फेटा बांधून पाराजवळ उभा होता. साडूच्या पांढऱ्या गाडीचा दरवाजा उघडा होता. दादा तिच्यात बसून सीमोल्लंघन करून आला होता. गाडीत बसायचा शब्द दिलेला माणूस, पायी कसा जाणार? शेजारी साडू उभा राहून म्हणाला असेल, बसा दादा, आपलीच गाडी.

दादानं माझ्या हातावर आपट्याची पानं ठेवली. "सोनं घे, बारक्या. घाई नडली तुझी. पाव्हणं सांगत व्हते, दोन दिस थांबा म्हणलं, काम कच्चं हाये म्हणलं. पर तू ऐकतो व्हय?"

मी साडूकडं बघितलं. तो पानं वाटण्यात गुंग होता.

मग मी ओरडलो. काय काय बोललो ते सांगत नाही; वेशीत बोलायचे शब्द नव्हते ते. दादा म्हणाला, "सणाच्या दिशी तोंड आवर. एक वस्तू धड बनवली नाय, आन् लोकाला शिव्या देतो." सगळ्यांनी तेवढंच ऐकलं. रागीट माणसाचं असं असतं. त्याचं खरंही लोकांना रागच वाटतं.

गाडी ट्रॅक्टरमागं बांधूनच परत आणली. पूजा उठवली आणि डायल पुसला. गिअरबॉक्स उतरवला. क्लच प्लेटचा मधला भाग फाटून सुटा झाला होता. आणि त्या लोखंडी प्लेटमध्ये डॉवेल नव्हत्याच. दोन्ही भोकं गोल कानशीनं घासून लांबट केलेली, कारण खुंट्या त्यात जात नव्हत्या. प्लेट लेथवरच चुकली होती. नवी करायला सवड नव्हती किंवा इच्छा नव्हती. म्हणून खुंट्या काढून टाकल्या, बोल्ट आवळले, आणि डायल देवापुढं ठेवला. मी तो त्या प्लेटवर लावला. इंजिन हातानं फिरवलं. सुई एका बाजूला चालत गेली, थांबली आणि तशीच परत आली. ती हलली नाही, अशी देवाशपथ घेतली होती त्यानं.

मी त्याला बोलावलं. तो आला, गोदामात स्टुलावर बसला, चहा प्यायला.

"भोकं कानशीनं घासली तू."

"थोडी."

"आन् डायल?"

"पाव्हणं, एवढं मनावर घ्यायचं असतं का? प्लेट नवी करून देतो. फुकट."

"फुकट नको. दादासमोर उभा राहा आन् सांग की थांबा असं तू कधीच म्हणला नव्हतास."

कप खाली ठेवून तो पहिल्यांदा खरं बोलला. "ते नाय जमायचं. गावात माझं नाव हाये. मळणी यंत्राची कामं दादाच्या शब्दावर चालतात. आन् तुमी बी जरा इचार करा. भाव पाडला तवा काम कसं व्हईल, हे ठाऊक नव्हतं?"

"भाव पटला नाय तर तोंडावर नाय म्हणायचं असतं. भाव कामाच्या आधी होतो. कामात नाय."

"तुमचं दुकान हाये. तुमाला चालतं. मला नाय म्हणता येत नाय." आणि तो उठून गेला. दारातून परत वळला नाही. माझ्यासमोरून न वळता जाणारा तो पहिलाच.

त्यानंतर बायका-बायका बोलतात, आम्ही नाही. माझ्या घरात त्याच्या घरचा फराळ येतो. मी तो खात नाही, आणि बायको माझ्याकडं बघून तो डबा आत नेते. ती एवढंच म्हणते, "माझी बहीण आहे हो." मला तिचं बरोबर वाटतं. त्यानं राग कमी होत नाही.

प्लेट मी वाळूजला दुसरीकडं करून घेतली. पुन्हा ओळंबे सोडले, पुन्हा रेघ मारली. खुंट्या हातोडीच्या हलक्या ठोक्यानं आत गेल्या. डायल लावला, सुई जागच्या जागी थरथरली. मी इंजिन पुन्हा पुन्हा फिरवत राहिलो, नुसतं बघण्यासाठी. जोडल्यावर करकर नाही, थरथर नाही. गाडी घाट एका दमात चढली. गेल्या महिन्यात मी एकटाच ती घेऊन गावी गेलो, सोताच्या चाकावर, वेशीपर्यंत आणि तिथून दादाच्या दारापर्यंत.

दादा बाहेर आला. गाडीभोवती फिरला. बॉनेटवर हात ठेवला. इंजिन चालू होतं. त्यानं कान दिला. त्याचा चेहरा बघून मला वाटलं, आता बसेल. शेजारच्या सीटवरची धूळ मी आधीच पुसून ठेवली होती.

दादा म्हणाला, "आता बराबर झाली. पाव्हण्यांनी शेवटी दुरुस्त करून दिली म्हण की. बोलले व्हते मला, नवी प्लेट करून देणार म्हणून. चांगला माणूस हाये, तू उगा तोडला."

मी एकेक करून सांगितलं. भोकं, कानस, डायल. दादानं सगळं ऐकलं आणि म्हणाला, "तू लई हुशार, बारक्या. बोलण्यात तुला कोण जिंकणार?"

तो बसला नाही. मी आग्रह केला नाही.

ती लांबट भोकांची प्लेट माझ्या दुकानात काउंटरच्या वर खिळ्याला टांगलेली आहे. गिऱ्हाईक विचारतात, ही काय आहे, विकायची का? मी नाही म्हणतो. ही एकच वस्तू मी विकणार नाही.

आता साडूला सांगतो. तुझ्या वर्कशॉपवर येऊन भांडणार नाही, तुझी कामं तोडणार नाही, तुझ्या बायकोला माझ्या दारातून परत पाठवणार नाही. येत्या दसऱ्याला आमच्या वेशीत ये. ही प्लेट हातात धर, दादाच्या बोटांना त्या भोकांच्या कडा लागू दे. कानशीची खूण दादाच्या बोटाला कळते. आणि सगळ्या गावासमोर दोनच वाक्यं बोल. डायल मी लावला नव्हता. थांबा असं मी म्हणालो नव्हतो. तोवर माझ्या गाडीतली ती सीट रिकामीच फिरेल. दादा थकत चालला आहे, आणि मी वाट बघण्याचा माणूस नाही. तू पूजेत डायल मांडलास, देवाची शपथ घेतलीस. तर आता त्याच देवासमोर, त्याच वेशीत, उत्तर दे.